‘कुणीतरी’ आणि ‘तोच’

२० ऑगस्ट २०२४ला सकाळपासून बदलापूर स्टेशनातल्या रुळांवर माणसं बसली होती. बालवाडीत जाणाऱ्या दोन मुलींवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचा आरोप होता. तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत बसवलं गेलं होतं. संध्याकाळपर्यंत लोकल हलली नाही. मंत्री गिरीश महाजन समजूत घालायला स्टेशनात आले, तेव्हाही समोरून एकच घोष चालू होता, ‘फाशी द्या’.

त्या गर्दीला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. माणसं रुळांवर उतरली नसती, तर त्या पालकांची दाद कितपत लागली असती याची मला शंका आहे. रेल रोकोनंतर हालचाल झाली. पोलीस अधिकारी निलंबित झाले, विशेष तपास पथक नेमलं गेलं, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. गरिबाच्या तक्रारीला आपल्याकडे गर्दी पाठीशी असल्याशिवाय वजन येत नाही. हे कितीही लाजिरवाणं असलं, तरी खरं आहे. म्हणून लोकांच्या दबावाला सरसकट ‘झुंडशाही’ म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही.

माझं भांडण आहे ते त्या दबावाच्या दिशेशी. सकाळी गर्दी विचारत होती, ‘गुन्हा नोंदवायला एवढा वेळ का लावला?’ हा प्रश्न पोलिसांना होता, शाळेला होता, सरकारला होता, आणि तो शंभर टक्के रास्त होता. दुपार होईतो तो मागे पडला आणि एका माणसाची मान तेवढी उरली. त्यानंतर ३४ दिवसांनी, २३ सप्टेंबरला, तळोजा कारागृहातून ठाण्याकडे नेताना मुंब्रा बायपासजवळ पोलीस व्हॅनमध्येच तो आरोपी गोळी लागून मेला. त्याने पोलिसाचं पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडावी लागली, असं पोलिसांनी सांगितलं. मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले.

उच्च न्यायालयाने पहिल्याच सुनावणीत विचारलं, की एक माणूस व्हॅनमधल्या चौघा पोलिसांना आवरता कसा आला नाही, आणि गोळी पायावर न मारता थेट डोक्यात का? पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात चालकासह पाच पोलिसांना त्या मृत्यूला जबाबदार धरलं गेलं. बळाचा वापर समर्थनीय नव्हता असं त्यात म्हटलं होतं, आणि पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे मिळाले नसल्याचाही उल्लेख होता.

पण पिस्तूल बाजूला ठेवू. त्या गोळीने काय काय संपलं ते पाहू. आरोपी मेला की त्याच्याविरुद्धचा खटला संपतो. म्हणजे त्या मुलींचं काय झालं, कितीदा झालं, शाळेत आणखी कुणाला ठाऊक होतं, कुणी दाबलं, हे त्याच्या खटल्यातल्या उलटतपासणीतून, साक्षीपुराव्यातून बाहेर येण्याची शक्यता त्या व्हॅनमध्ये मेली. शाळेतलं पंधरा दिवसांचं सीसीटीव्ही चित्रण गायब असल्याचं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं होतं. ते कुणी गायब केलं? ज्याने हे सांगितलं असतं किंवा ज्याच्या खटल्यात ते विचारलं गेलं असतं, तोच उरला नाही. शाळेच्या विश्वस्तांवरचा खटला वेगळा. मुख्य साक्षीपुराव्याचा कणा मोडल्यावर तो किती ताठ उभा राहतो, हे दिसेलच. त्या मुली मोठ्या होतील तेव्हा त्यांच्या हातात न्यायालयाचं एक निकालपत्र असायला हवं होतं, ‘तुमच्याबाबतीत हे घडलं, हे आम्ही तपासून पाहिलं आणि ते सिद्ध झालं’ असं सांगणारं. ते त्यांना आता कधीच मिळणार नाही. ज्यांनी पेढे वाटले, त्यांनी या मुलींचा हक्क गेला म्हणून हळहळायला हवं होतं.

उच्च न्यायालयाने याआधीच, सप्टेंबरच्या सुरुवातीला, तपास यंत्रणेला बजावलं होतं की लोकांच्या दबावाखाली घाईघाईने दोषारोपपत्र दाखल करू नका. न्यायाधीशांना ती घाई कुठे घेऊन जाते हे माहीत होतं. महाराष्ट्रात त्याचे दाखले शोधायला लांब जावं लागत नाही.

११ जुलै २००६. मी तेव्हा दादरला कामाला होतो. साडेसहाच्या सुमाराला कुणीतरी ओरडत आलं की माटुंग्याला गाडीत स्फोट झाला. मग माहीम, मग वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. सात गाड्या, पहिल्या वर्गाचे डबे, सगळं अकरा मिनिटांत. फोन लागत नव्हते. आमच्या कचेरीतले दोघंजण चर्चगेटहून रोज त्याच वेळच्या गाडीने जायचे. ते दोघं सुखरूप घरी पोचल्याचं रात्री अकराला कळलं, तोवर आम्ही कुणी जागचे हललो नाही. १८०हून अधिक माणसं गेली, आठशेहून अधिक जखमी झाली. दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या आणि आपण त्याला ‘मुंबईचं स्पिरिट’ म्हणालो. खरं तर माणसं घाबरलेली होती आणि चिडलेली होती. ‘पकडा’ हा एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. माझ्याही.

पकडले. दहशतवादविरोधी पथकाने तेरा जणांवर मकोकाखाली, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधातल्या राज्याच्या खास कायद्याखाली, खटला भरला. ३० सप्टेंबर २०१५ला विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली, एकाला आधीच सोडलं होतं. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. नऊ वर्षांनी का होईना, निकाल लागला असं वाटलं. निकालपत्र वाचायचा विचारही मनात आला नाही.

२१ जुलै २०२५ला न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. ते निकालपत्र मात्र मी वाचायला घेतलं. साडेसहाशेहून अधिक पानं आहेत. वाचताना अस्वस्थ करतं ते पोलिसांचं एखादं मोठं कारस्थान नव्हे, तर अगदी रोजच्या, कुठल्याही पोलीस ठाण्यात चालणाऱ्या सवयी.

दोन टॅक्सीवाल्यांचंच पाहा. आरोपींना चर्चगेटला सोडल्याचं त्यांनी सांगितलं, ते घटनेनंतर शंभरहून अधिक दिवसांनी. मुंबईतला टॅक्सीवाला दिवसाला किती भाडी करतो? मागच्या सीटवर बसलेला माणूस त्याला आरशात दिसतो तेवढाच. सात बॉम्बस्फोटांनी हादरलेल्या शहरात, वर्तमानपत्रांत रोज तीच बातमी असताना, हे टॅक्सीवाले शंभर दिवस गप्प का राहिले? आणि मग चेहरा आठवला तो कसा? पुढे ओळखपरेड झाली, आणि ती ज्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याने घेतली त्याला तसा अधिकारच उरला नव्हता, असं न्यायालयाला आढळलं. म्हणजे आधीच डळमळीत असलेली साक्ष, आणि तिच्यावर चढवलेला मजला बेकायदा.

मग कबुलीजबाब. साध्या कायद्यात पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही. ती कशी मिळवली जाते हे इंग्रजांनाही ठाऊक होतं आणि त्यांनीच तो नियम घातला. मकोकात मात्र पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते. या खटल्यात वेगवेगळ्या आरोपींनी, वेगवेगळ्या अधिकाऱ्यांसमोर दिलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या कबुल्यांमध्ये तेच शब्द, तीच वाक्यं पुन्हा पुन्हा आली होती. ज्याने कधी शाळेत एकमेकांची वही उतरवलेली मुलं पाहिली आहेत, त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. आरोपींचा छळ झाल्याकडे बोट दाखवणारी रुग्णालयांची कागदपत्रंही होती. आणि सगळ्यात मूलभूत गोष्ट म्हणजे स्फोटात वापरलेले बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते, हेच सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही.

निकालपत्राच्या सुरुवातीलाच खंडपीठाने जे म्हटलं, ते मला या सगळ्याचं मर्म वाटतं. खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा करणं हे गुन्हेगारी रोखण्यासाठीचं ठोस पाऊल आहे, पण प्रकरण सोडवल्याचा आभास निर्माण केला की समाजाला खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका मोकळाच फिरत राहतो, असा त्याचा आशय. तीन दिवसांत राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायची गरज नाही, असा अंतरिम आदेश तिथे झाला. शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाचाच असेल. पण टॅक्सीवाला शंभर दिवसांनी बोलला, ही वस्तुस्थिती त्याने बदलणार नाही.

फाशीची शिक्षा झालेल्या पाचांपैकी एकजण २०२१मध्ये कोरोनाने नागपूरच्या कारागृहात मेला. उच्च न्यायालयाने ज्यांना निर्दोष ठरवलं, त्यांत तोही आहे.

निकालाच्या दिवशी टीव्हीवर स्फोटात जवळची माणसं गमावलेले लोक बोलत होते. ‘मग आमच्या माणसांना मारलं कुणी?’ त्यांचा राग न्यायालयावर होता. मला तो राग समजतो, पण पत्ता चुकला आहे असं वाटतं. न्यायालयाने एकोणीस वर्षांनी त्यांना एवढंच सांगितलं, की २००६मध्ये तुम्हाला जे उत्तर दिलं गेलं ते उत्तर म्हणून टिकत नाही. ते उत्तर तयार करणाऱ्यांना त्यांनी जाब विचारायला हवा. स्फोट ताजे होते, धागेदोरे हाताशी होते, साक्षीदारांची आठवण ताजी होती, तेव्हाचे महिने ज्या दिशेने खर्ची पडले ती दिशाच चुकीची असेल, तर नुकसान आधी त्या कुटुंबांचं झालं आहे. आरोपीला नि:पक्ष खटला मिळणं हे आरोपीवरचे उपकार नव्हेत. ‘मला खरा माणूस पकडून द्या’ असं म्हणणाऱ्या फिर्यादीचाही तो हक्क आहे. आपल्या बोलण्यात या दोन गोष्टी नेहमी एकमेकींच्या विरोधात उभ्या केल्या जातात, आरोपीचे मानवाधिकार एकीकडे आणि पीडितांचे अश्रू दुसरीकडे. ही मांडणीच खोटी आहे.

याच दहशतवादविरोधी पथकाचा आणखी एक तपास त्याच वर्षीचा. ८ सप्टेंबर २००६ला, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, मालेगावच्या बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली. पथकाने नऊ मुस्लिम तरुणांना अटक केली. पुढे राष्ट्रीय तपास संस्थेचा तपास वेगळ्याच गटाकडे वळला आणि २०१६मध्ये न्यायालयाने आधीच्या आरोपींना दोषमुक्त केलं. २००८च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात ३१ जुलै २०२५ला सातही आरोपी निर्दोष सुटले. जोरदार संशय हा पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असं तिथल्या न्यायाधीशांनी म्हटलं.

तारखा पाहा. २१ जुलै आणि ३१ जुलै. दहा दिवसांच्या अंतराने दोन बॉम्बस्फोट खटले, दोन्हींच्या मुळाशी एकाच पथकाचा तपास, आणि दोन्हींत सगळे आरोपी मोकळे. त्या दहा दिवसांत माझ्या ओळखीच्या माणसांचे व्हॉट्सअ‍ॅप गट मी पाहत होतो. पहिल्या निकालावर ‘न्यायव्यवस्था मेली’ म्हणणारे दुसऱ्या निकालावर ‘सत्याचा विजय’ म्हणत होते. आणि पहिल्यावर ‘अखेर न्याय’ म्हणणाऱ्यांतले काही दुसऱ्यावर ‘सगळं मॅनेज आहे’ म्हणत होते. दोन्ही निकालांतला तपास कसा होता, पंचनामा टिकला का, साक्षीदार का फुटले, असा प्रश्न कुणाच्याही तोंडी नव्हता. आरोपीचं नाव वाचून निकाल बरोबर की चूक ते ठरत होतं. २००६मध्ये मेलेली माणसं आणि २००८मध्ये मेलेली माणसं, दोघांच्याही घरी आज एकच उत्तर आहे, की माहीत नाही. हे साम्य कुणाला दिसलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

आता पोलिसांबद्दल. तपास अधिकाऱ्याला खलनायक ठरवून हात झटकणं सोपं आहे. पण मोठा गुन्हा घडल्यावर त्याच्याभोवती काय चालतं ते पाहावं. वरून दर तासाला फोन. ‘काय झालं? कुणी उचलला का?’ पालकमंत्री येऊन जातात. चॅनेलवाले गेटवर. विधिमंडळाचं अधिवेशन चालू असेल तर उत्तर तयार ठेवायचं. ‘चोवीस तासांत छडा’ अशी बातमी आली की बक्षीस, न आली तर बदली. त्याच अधिकाऱ्याला सकाळी मंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त, रात्री गणपतीची मिरवणूक, आणि मधल्या वेळात तपास. आरोपीला बुरखा घालून पत्रकारांसमोर उभं केलं की प्रेशर कमी होतं. त्या क्षणी त्या अधिकाऱ्याला ‘कुणीतरी’ हवा असतो. ‘तोच’ आहे का, हा प्रश्न पुढच्या चार-पाच वर्षांचा, आणि तोवर तो अधिकारी दुसऱ्या जिल्ह्यात असतो. मग ठरलेले पंच येतात, जे पोलीस ठाण्याच्या आसपासच वावरतात आणि दहा खटल्यांत सही करतात. पंचनामा ठाण्यात बसून लिहिला जातो. मुद्देमालाला सील नीट लागत नाही. हे सगळं खालच्या कोर्टात जनक्षोभाच्या भरात खपून जातं आणि वरच्या कोर्टात, थंड डोक्याने पानं उलटली जातात तेव्हा, उसवतं.

गुन्ह्याचा तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामं वेगळ्या पोलिसांकडे द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं, ते २२ सप्टेंबर २००६ला. मुंबईतल्या स्फोटांना तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. एवढी वर्षं झाली. किती मोर्च्यांत ही मागणी ऐकली? पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही लावा, अगदी कोठडीतही, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश डिसेंबर २०२०चा. १ जुलै २०२४पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या कायद्यात सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक करण्याची तरतूद आहे, आणि राज्यांना ती अमलात आणायला पाच वर्षांची सवलत आहे. ‘फाशी द्या’ म्हणणाऱ्या हजारो घशांतून एकदा तरी ‘फॉरेन्सिकची माणसं भरा’ अशी घोषणा निघाली असती, तर एखादा गुन्हेगार खरोखर आत गेला असता.

दबाव असला की न्याय होऊच शकत नाही, असंही नाही. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याइतका प्रचंड दबाव या राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याही खटल्यावर आला नसेल. कसाबला वकील मिळेना. अ‍ॅड. अंजली वाघमारे यांची नेमणूक झाली तेव्हा त्यांच्या घरावर दगडफेक झाली. सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितल्याचं सांगितलं आणि देश पेटला. २०१५मध्ये त्यांनी स्वतःच कबूल केलं की ते रचलेलं होतं, कसाबच्या बाजूने तयार होणारं भावनिक वातावरण मोडण्यासाठी. ज्या खटल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवरचे फोटो होते, डझनावारी प्रत्यक्षदर्शी होते, तिथे सरकारी वकिलाला एका खोट्या ताटाची गरज का वाटावी? मला ती गोष्ट अजूनही खटकते. पुरावा भक्कम होता. लोकांना चिथावल्याने त्यात कणभरही भर पडली नाही.

आणि त्याच खटल्यात, त्याच न्यायालयात एक फार मोठी गोष्ट घडली, जी आपण जवळपास विसरून गेलो आहोत. कसाबबरोबर दोन भारतीय आरोपी होते. हल्लेखोरांना मुंबईचे हाताने काढलेले नकाशे पुरवले, हा त्यांच्यावरचा आरोप. असा एक नकाशा गिरगाव चौपाटीवर मारल्या गेलेल्या अबू इस्माईलच्या पँटच्या खिशात सापडल्याचं पोलिसांचं म्हणणं होतं. न्यायाधीश एम. एल. ताहलियानी यांनी तो नकाशा पाहिला. इस्माईलचे कपडे रक्ताने भिजलेले होते, आणि नकाशावर रक्ताचा डाग नव्हता. खिशात कोंबलेल्या कागदाला पडतात तशा सुरकुत्याही नव्हत्या. ३ मे २०१०ला, ज्या दिवशी कसाब दोषी ठरला, त्याच दिवशी ते दोघे सुटले. उच्च न्यायालयाने आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. संपूर्ण देश दारात उभा असताना एका न्यायाधीशाने एक कागद हातात घेऊन त्याच्यावर रक्त आहे का ते पाहिलं. महाराष्ट्राच्या न्यायालयीन इतिहासातला मला अभिमान वाटावा असा क्षण हा आहे.

मुंबईतल्या शक्ती मिलमधल्या सामूहिक बलात्काराचा खटलाही आठवावा. ऑगस्ट २०१३मध्ये गुन्हा, एप्रिल २०१४मध्ये शिक्षा. तपास वेगाने झाला आणि तरी दोषसिद्धी वर टिकली. २०२१मध्ये उच्च न्यायालयाने फाशीच्या जागी मरेपर्यंत जन्मठेप दिली, आणि जनक्षोभ शिक्षा ठरवू शकत नाही असंच बजावलं. वेग आणि नेकी यांचं वैर नाही. कागद पक्के असतील तर दोन्ही एकत्र नांदतात.

वकिलांच्या संघटना ‘या आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये’ असे ठराव करतात, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्येच असे ठराव बेकायदा असल्याचं सांगितलं आहे. तरी प्रत्येक मोठ्या गुन्ह्यानंतर कुठल्या ना कुठल्या तालुक्याच्या बार रूममध्ये तो ठराव होतो आणि वर्तमानपत्रं त्याचं कौतुक छापतात. आरोपीच्या वकिलाने पंचाला उलट प्रश्न विचारलाच नाही, तर तो पंच खोटा होता हे कळायचं कसं? नंतर उच्च न्यायालयात ते कळलं, की आपण म्हणणार, पळवाटेने सुटला.

शेवटी नाशिकचं प्रकरण सांगतो, कारण ते मला झोपू देत नाही. ५ जून २००३च्या रात्री नाशिकजवळ पेरूच्या बागेत झोपडी करून राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. घरातल्या बायकांवर अत्याचार झाले, पाच माणसं मारली गेली. एक बाई आणि तिचा मुलगा वाचले. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना अटक झाली. २००६मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कमी करून जन्मठेप केली. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही परत फाशीची शिक्षा दिली. त्या सहांपैकी एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झालं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याही फाशीवर शिक्कामोर्तब केलं होतं.

५ मार्च २०१९ला त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी आपलाच जुना निर्णय मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि तपासात चूक करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितली. सोळा वर्षं तुरुंगात, त्यातली कितीतरी फाशीच्या कोठडीत. पाच लाख भागिले सोळा हा हिशोब करून पाहा, वर्षाला ३१ हजार २५० रुपये पडतात.

पण त्या निकालात मला सगळ्यात जास्त छळतो तो भाग त्या वाचलेल्या बाईचा आहे. घटनेनंतर दोन दिवसांत, ७ जूनला, तिला सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला गेला. जखमी होती, पाच माणसं नुकतीच गेली होती. तिने त्या अल्बममधल्या चार फोटोंवर बोट ठेवलं. या चौघांपैकी एकही जण त्या सहा आरोपींत नव्हता. त्या चौघांचं काय केलं, त्यांना का सोडून दिलं, याचं उत्तर तपास अधिकाऱ्यांकडे नव्हतं, आणि ते चौघे कधीच आरोपी झाले नाहीत. त्या बाईने ज्यांच्याकडे बोट दाखवलं होतं, त्यांच्याबद्दल सोळा वर्षांत कुठल्याच न्यायालयाने खटला ऐकला नाही. ती न्यायालयात साक्ष द्यायला उभी राहिली तेव्हा समोरच्या पिंजऱ्यात दुसरीच माणसं होती.